खडूची खूण

भर दुपारी एग्बर्ट टलक स्पिरिटचा बोळा घेऊन टेपयंत्र पुसत बसला होता. तीस वर्षं हे काम तो स्वतःच करत आला होता. किंग्स्टनमधल्या त्याच्या स्टुडिओत खुर्ची हलवायचीही कोणाला मुभा नव्हती. गायकाने मायक्रोफोनपुढे कुठे उभं राहायचं, त्याची खडूची खूणसुद्धा रोज तोच नव्याने गिरवायचा.

दार ढकलून मिस आयनेझ आत आली. तिचा भाऊ होपटन जाऊन नऊ दिवस झाले होते. होपटनच्या गाण्यानेच एग्बर्ट बेटभर गाजला होता, आणि तबकडीवर मात्र ‘गीत-संगीत : ई. टलक’ एवढंच छापलेलं होतं.

“आज त्याची नववी रात्र, मेलेला घरी परत येतो ती,” ती म्हणाली. “आम्ही घरातली खाट फिरवली, कपाट हलवलं. मेलेल्याला घर ओळखू यायला नको. आता तबकडी नव्याने छापशील तिच्यावर त्याचं नाव घाल, एग्बर्ट. आई वाट बघत बसलीय.”

“नाव? बेसूर रेकायचा तुझा भाऊ! ढोल कोणी बसवला? तो घुमारा कोणी दिला? मी!”

“आणि शब्द कोणाचे रे, चोरा?”

“चालती हो!”

जाता जाता तिने खोलीभर नजर फिरवली. “इथलं काहीच हललेलं नाही...” ती हळूच म्हणाली आणि गेली.

एग्बर्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच दारात येऊन चोर म्हणते! नाव हवंय काय? आता आवाजही ठेवत नाही. त्याने त्या गाण्याची मूळ टेप चढवली आणि होपटनचा आवाज पार पुसून काढला.

मग टेप सुरुवातीपासून लावली. प्रत्येक टेपच्या आरंभी एग्बर्टचीच घोषणा असायची : ‘टलक स्टुडिओ, खेप पहिली.’ यंत्रातून खरखर आली. कोणीतरी श्वास घेतला. होपटन सतत चघळायचा त्या आल्याचा वास खोलीत पसरला.

“होपटन रॅट्रे... खेप पहिली.”

आवाज होपटनचा होता. एग्बर्टने शिवी हासडली, दुसरी टेप लावली, तिसरी लावली. होपटन शाळेत जात होता तेव्हाची जुनी टेपही लावली. सगळीकडे तेच. त्याचा स्वतःचा आवाज एकाही टेपवर उरला नव्हता.

“माझी गाणी आहेत ही! तीस वर्षं घासलोय मी!” तो ओरडला. नवी टेप चढवून, यंत्र सुरू करून तो काचेपलीकडे मायक्रोफोनपुढे गेला, खडूच्या खुणेवर उभा राहिला आणि स्वतःचं नाव ओरडू लागला.

काचेतून आवाजमापकाची सुई दिसत होती. ती शून्यावर पडून होती. तो घसा फाटेस्तोवर ओरडला. सुई ढिम्म हलली नाही.

शेवटी दम संपला आणि तो दात आवळून गप्प उभा राहिला.

तेव्हा सुई कोणी बोलत असल्यासारखी वर उठली.