सासूबाईंचा हुद्दा

जूनमधल्या एका सकाळी ऋजुता पेडणेकर नदीवरच्या पादचारी पुलाच्या मासिक तपासणीला निघाली, तेव्हा तिच्या सासूबाई हेमलता नेहमीप्रमाणे सोबत होत्या. कॅनडातल्या या लहानशा गावात मुलाकडे येऊन त्यांना सहा महिने झाले होते. त्याआधी चौतीस वर्षं त्यांनी सिंधुदुर्गात बांधकाम खात्यात काढली होती आणि खाड्यांवर अकरा पूल उभे केले होते.

तपासणीत आता फारसं काही उरलं नव्हतं. पुलाच्या स्लॅबमध्ये केसाएवढ्या संवेदक तारा पुरलेल्या होत्या. पूल आपली प्रकृती स्वतःच ‘सेतुरक्षक’ या यंत्रणेला कळवायचा. ऋजुतानं आकडे वाचायचे आणि पडद्यावर अंगठा टेकवायचा. किंमत होती ती त्या अंगठ्याला. इथं परवान्याशिवाय स्वतःला अभियंता म्हणवणं गुन्हा होता. पुण्याची पदवी हातात असूनही ऋजुतानं पाच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम करून, परीक्षा देऊन तो परवाना मिळवला होता. आपल्याकडे टीव्ही दुरुस्त करणाराही इंजिनियर असतो, असं म्हणून हेमलताबाई हसायच्या; पण सुनेच्या त्या परवान्याचं त्यांना फार कौतुक होतं.

आकडे निर्दोष होते. ऋजुता अंगठा टेकवणार, इतक्यात सासूबाई पुलाच्या टोकाशी उकिडव्या बसलेल्या तिला दिसल्या. स्लॅब उन्हात पसरते म्हणून तिथं मुद्दाम ठेवलेल्या फटीत त्यांनी बोटं घातली होती.

“जानेवारीत इथं माझी चार बोटं मावत होती,” त्या म्हणाल्या. “आजही चारच मावतात. एवढ्या उन्हात फट अरुंद व्हायला हवी. पूल हलतच नाहीये, ऋजुता. स्लॅबला सरकू देणारी खालची बेअरिंगं अडकलीत. सगळा रेटा खांबावर जातोय.”

पुलाच्या खांबात तारा नव्हत्या, त्यामुळे आकड्यांत हे दिसत नव्हतं. पुलाच्या तोंडाशी नागरिकांच्या तक्रारी ऐकणारं सेतुरक्षकाचं यंत्र होतं; हेमलताबाईंनी त्याला हे सगळं सांगितलं. सेतुरक्षकानं स्वच्छ मराठीत विचारलं, “आपण अभियंता आहात का?”

खरं सांगायचं तर उत्तर ‘हो’ होतं. कायद्यानं ते ‘नाही’ होतं. त्या क्षणभर घुटमळल्या आणि ‘नाही’ म्हणाल्या. नागरिकांच्या सूचना सहा आठवड्यांत पाहिल्या जातात, असं सांगून यंत्रणेनं त्यांचे आभार मानले.

ऋजुतानं सासूबाईंचा चेहरा पाहिला. आकडे चांगले असताना पूल बंद केला आणि खाली काही निघालं नाही, तर तिचा परवाना निलंबित होणार होता. सासूबाईंनीही तेच बजावलं आणि आधी वरिष्ठांना विचार म्हणाल्या. पण वरिष्ठही हेच आकडे पाहणार, हे ऋजुताला ठाऊक होतं. पलीकडून शाळेची मुलं पुलाकडे येत होती.

तिनं बंदचा आदेश उघडला. दोष कुणी ओळखला, या रकान्यात तिनं लिहिलं: अभियंता हेमलता पेडणेकर. मग अंगठा टेकवला. दोन्ही टोकांची फाटकं मिटली.

“तो शब्द खोड,” हेमलताबाई म्हणाल्या. “तुझ्यावर बालंट येईल.”

“येऊ दे, आई. खोटं काय लिहिलंय मी?”

तिसऱ्या दिवशी पूल जॅकवर उचलला, तेव्हा बेअरिंगं गंजून खरोखरच जाम झालेली निघाली. खांबाला हातभर लांबीची तिरपी भेग होती. नगरपालिकेनं आभाराचं पत्र पाठवलं. त्याच टपालानं परवाना मंडळाची नोटीसही आली, परवाना नसलेल्या व्यक्तीला अधिकृत आदेशात अभियंता म्हटल्याबद्दल.

सुनावणीला दोघी शेजारी शेजारी बसल्या. मंडळानं ऋजुताला समज देऊन सोडलं. त्यानंतर अध्यक्षबाईंनी जरा संकोचतच हेमलताबाईंना एक विनंती केली. पूल पाहून, हात लावून त्यांना जे कळतं, ते सेतुरक्षकाला शिकवायचं होतं. पुढं देशातले सगळे पूल त्याच शिकवणीवर तपासले जाणार होते.

हेमलताबाई कबूल झाल्या. समोरचा पडदा उजळला आणि यंत्रणेनं नम्रपणे विचारलं, “माझ्या शिक्षिकेचं नाव नोंदवलं. त्यांचा हुद्दा काय लिहू?”

अध्यक्षबाईंनी कायद्याचं पुस्तक पुढं ओढलं, पण उघडलं नाही. टेबलाखाली ऋजुतानं सासूबाईंचा हात घट्ट धरला. उत्तर कुणी द्यायचं?