आढ्यापलीकडचा दोर

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत. शाळा लवकर सुटली माझी. तेवढं सांभाळून घ्या. तेत्सुरोनं सांगितलं तसं लिहितो आहे.

दुपारचं जेवून तेत्सुरो शेजारच्या फुमि आजींच्या छपरावरचं बर्फ काढायला निघाला, तेव्हाच त्याचं डोकं तापलेलं होतं. जोडीला रेंजी येणार होता, आणि रेंजी ठरल्या वेळी कधी आला होता ते त्याला आठवत नव्हतं.

जपानात निइगाताकडे छपरावर एकटं चढत नाहीत. एक दोर आढ्यावरून टाकतात. अलीकडचं टोक एकाच्या कमरेला, पलीकडचं दुसऱ्याच्या. हा घसरला तर त्याच्या वजनावर तगतो, तो घसरला तर याच्या. आणि छपराच्या दोन्ही उतारांवरचं, म्हणजे पाख्यांवरचं बर्फ बरोबरीनं उतरवायचं. एकाच बाजूचं काढलं तर घर भरल्या बाजूला कलतं. जुनी घरं मग उभी राहत नाहीत.

आजींचं घर जुनं होतं. सकाळपासून त्यांची दारं चौकटीत अडकत होती, म्हणजे वरचा भार खाली उतरायला लागला होता.

"आजी, आज तरी आमच्याकडे चला. आई वाट बघतेय."

"आणि ह्यांच्या फोटोपुढे दिवा कोण लावेल? तुझी आई?"

"एक दिवस नाही लावला तर काय बिघडतं?"

"ते ह्यांनाच विचार," मुळ्याचं लोणचं चावत आजी म्हणाल्या.

या बाईपुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. समुद्राकडून आभाळ काळवंडत होतं. रेंजी येईपर्यंत वरवरचं उरकू म्हणून तेत्सुरोनं दोर आढ्यावरून पलीकडे फेकला, अलीकडचं टोक कमरेला बांधलं आणि शिडी लावून तो चढला.

थोड्याच वेळात बर्फाचा मारा सुरू झाला. खालचं अंगण दिसेना. मग अचानक सगळं पांढरं जांभळं झालं. उजेड कुठून आला ते कळलं नाही. तो बर्फातूनच फुटल्यासारखा होता. त्याच क्षणी डोक्यावर दणका बसला. बर्फातला गडगडाट लांबत नाही. एकच ठोका, उशीत दाबल्यासारखा, आणि लगेच शांतता.

त्या शांततेत कमरेचा दोर ताठ झाला.

पलीकडून आवाज आला... खस्... धप्. खस्... धप्.

"आलात का महाराज!" तेत्सुरो ओरडला. "म्हटलं, आता वसंतातच उगवतोस की काय!"

"हं..."

"हं काय? माफी माग, गाढवा!"

खस्... धप्.

तेत्सुरो चरफडत कामाला लागला. पण दोर मात्र छान धरला होता. तो खाली सरकला की पलीकडून तेवढाच ताण यायचा. रेंजीला असं वजन सांभाळता येतं हे त्याला आजच कळत होतं.

दुसरी वीज झाली. विजेत लोखंडी फावडं हातात ठेवायचं नाही, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. तेत्सुरोनं फावडं दूर भिरकावलं आणि तो बर्फात पालथा पडला. पलीकडचं फावडं थांबलं नाही. उलट जोरात चालू लागलं. खस्धप्, खस्धप्.

"अरे, फावडं टाक! जीव नकोसा झालाय का?"

आढ्यावरून वारा आला, त्याला करपलेल्या पेंढ्याचा वास होता.

"बहिरा झालास का रे!"

खाली ओसरीचं दार कुरकुरलं. आजी ओसरीच्या कडेला येऊन म्हणाल्या, "कुणावर ओरडतोस?"

"रेंजीवर! दुसरं कोण आहे?"

"त्याचा आत्ताच फोन आला... गाडी घाटात रुतलीय. तू खाली उतर म्हणाला."

पलीकडे खस्... धप् चालूच होतं. आजींनी मान वर करून ते ऐकलं. त्यांचा आवाज मऊ झाला.

"ओरडू नकोस रे त्यांच्यावर. ह्यांचं तसंच होतं. आभाळ वाजलं की चेव चढायचा. त्या दिवशीही मी म्हटलं, वीज होतेय, उतरा... ऐकलं नाही. त्याच पाख्यावर वीज पडून गेले. तेव्हा छप्पर पेंढ्याचं होतं."

तेत्सुरोचा हात गाठीवर गेला. ती सोडून उडी मारली की सुटलो. पण त्याचं पाखं निम्मं उरलं होतं. पलीकडचं किती झालं होतं कोण जाणे. आणि खाली तुळई कण्हत होती, तिच्याखाली ही हट्टी म्हातारी उभी होती. भीतीपेक्षा त्याला वैताग जास्त आला. जिवंत जोडीदार फोनवर, आणि जो आला तो असा!

त्यानं गाठ सोडली नाही. बर्फातून फावडं शोधून उचललं.

"आजोबा..." घसा साफ करून तो म्हणाला, "तुम्ही जरा हळू घ्या. मला... तुमच्याइतकं जमत नाही."

दोर किंचित सैलावला. फावड्याची चाल त्याच्या चालीला येऊन मिळाली.

काळोख पडायच्या आत दोन्ही पाख्यांचा पत्रा उघडा झाला. तेत्सुरो उतरून घरामागे गेला. खाली टाकलेल्या बर्फाचा ढीग होता. शिडी नव्हती, पावलं नव्हती. आजींची दारं आता एका बोटानं सरकत होती. त्यांनी दिवा लावला आणि फोटोपुढे गरम साके दारू ठेवली. तेत्सुरोला मात्र नुसता चहा दिला.

घरी येऊन त्यानं दोर पडवीत टांगला आणि तो अंथरुणात शिरला. रात्रभर आभाळ वाजत राहिलं.

सकाळी आईनं त्याला हलवून उठवलं. "कधी चढलास रे वर? सांगायचं तरी! आणि मागचंच पाखं काढून पुढचं का सोडलंस? माझ्या खोलीचं दार उघडेना. घर कलतंय!"

तो धावत बाहेर आला. दोर पडवीत नव्हता. आढ्यावरून येऊन त्याचं टोक दाराशी लोंबत होतं. तेत्सुरोनं ते ओढून पाहिलं. पलीकडून कुणीतरी उलट ओढलं.

आत आई चूल पेटवत होती. तेत्सुरोनं फावडं घेतलं, शिडी लावली आणि टोक कमरेला बांधलं.

"येतोय," दात आवळून तो म्हणाला, "ओढू नका."

आभाळ निळंशार होतं. ढगाचा ठिपका नव्हता. तरी पलीकडे उघड्या पत्र्यावर फावडं खरवडायला लागलं होतं.