हंगामातला अबोला

मंगळवारी दुपारी तीनच्या सामन्याला विश्वास सरनाईक स्टेडियममध्ये पोचले, तेव्हा गॅलरीत चाळीसेक माणसं असतील. गजकेसरी तालमीच्या फुटबॉल संघाचा या हंगामातला हा एकसष्टावा सामना. एके काळी गजकेसरी खेळणार म्हटलं की कोल्हापुरातली अर्धी पेठ शटर ओढून मैदानाकडे धावायची. आता विश्वासरावांनी पिशवीतलं केशरी उपरणं गळ्यात घातलं, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवली आणि ते एकटेच बसून राहिले.

विसाव्या मिनिटाला आघाडीचा शर्विल माने मांडी धरून खाली बसला. स्नायू फाटला होता. पूर्वी अशा वेळी गॅलरीतून हळहळ उठायची. आज कुणी मान वर केली नाही. डॉक्टरांनी त्याला रेषेबाहेर नेलं, मांडीत सुई टोचली, आणि पाचच मिनिटांत ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "शर्विल माने गुरुवारच्या सामन्यासाठी उपलब्ध."

त्या सुईत होता सांधरस. स्नायूंचे तुटलेले तंतू सात-आठ तासांत पुन्हा विणणारा, प्रथिनांपासून केलेला हा द्रव. मुळात तो अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी शोधला गेला. मैदानावर आला आणि खेळाडूचं दमणंच संपलं. विश्रांती लागेना, म्हणून लीगनं सामने वाढवले. चौदाचे तीस झाले, तिसाचे दीडशे. बाद फेरीत चार संघ असायचे, तिथं आठ आले. डिसेंबर ते एप्रिल चालणारा हंगाम वर्षभर पसरला आणि सुट्टी उरली अकरा दिवसांची. बघणाऱ्यांच्या थकव्यावर मात्र कुणी औषध काढलं नव्हतं.

विश्वासरावांना टोचत होते ते हे अकरा दिवस.

त्यांचा धाकटा भाऊ उदय एकोणिसाव्या वर्षी गजकेसरी सोडून प्रतिस्पर्धी नवरंग मंडळाकडून खेळायला गेला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. "दरसाल हंगाम संपेस्तोवर दोघांनी एकमेकांशी बोलायचं न्हाई," एवढंच ते म्हणाले. वडील गेले, पण एकोणपन्नास वर्षं दोघा भावांनी तो शब्द पाळला. त्यात राग नव्हताच. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उदय मटण घेऊन हजर व्हायचा आणि पुढचे सात महिने रोज संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं गेल्या हंगामाचा एकेक गोल उकरून काढायचे. अबोल्याच्या पाच महिन्यांत बोलण्याची शिदोरी साठायची.

आता शिदोरी खायलाच वेळ नव्हता. चार वर्षांपूर्वी विश्वासरावांची पत्नी गेली, मुलगी नाशकात. गेल्या सुट्टीत उदय आलाच नाही. आपण जावं, असं विश्वासरावांना रोज वाटलं. पण भावानं तोंड फिरवलंय की काय, या धास्तीनं पाय उचलला नाही.

मध्यंतरात लीगच्या व्यवस्थापक केतकी घोरपडे त्यांच्याकडे आल्या. "काका, रविवारी पासधारकांची सभा आहे. तुम्ही सगळ्यात जुने. ठरावाच्या बाजूनं बोला."

"कसला ठराव?"

"बाद फेरीत सोळाच्या सोळा संघ. कुणाचाच हंगाम लवकर संपायला नको."

"मग बाद कोण होणार?"

केतकी हसल्या. "हरणाऱ्यांना दुसरी संधी, मग तिसरी. अंतिम सामना झाला की दुसऱ्या दिवशी पुढचा हंगाम. सुट्टीच नाही."

"पोरांना विचारलंत?"

"त्यांना सांधरस आहे की, काका."

सामना सुटल्यावर विश्वासरावांनी फाटकाशी शर्विलला गाठलं. "दमतोस काय रे?"

"दमत न्हाई, काका. पण रविवारी गोल मारला तो कुणावर, ते काय केल्या आठवंना."

रविवारी सकाळी सभेला एकशे बारा पासधारक जमले. विश्वासराव आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभे राहिले. "सुट्टीत आपण हंगामाबद्दल बोलतो," ते म्हणाले. "सुट्टीच न्हाई ठेवली, तर बोलायचं कधी? आणि कुणाशी?" मागे कुणीतरी हसलं. ते खाली बसले, तेव्हा त्यांना तिसऱ्या रांगेत उदय दिसला. वाळला होता. हातात काठी आली होती, आणि ती कधी आली हे मोठ्या भावाला माहीत नव्हतं.

मग हात वर झाले. ठरावाच्या बाजूनं सत्तावन्न, विरोधात पंचावन्न. सत्तावन्नातला एक हात उदयचा होता.

सभागृहाबाहेर विश्वासरावांनी त्याची वाट अडवली. "हात का वर केलास?"

उदय गडबडला. "दादा, हंगाम चालू हाय."

"असू दे. का केलास?"

उदय काठीवर भार देऊन पायरीवर बसला. "सुट्टीचे ते अकरा दिवस मला लई वाईट जातात. गेल्या वेळी तीनदा तुझ्या दारापतुर आलो. आत येऊन बोलायचं काय, तेच सुचंना. सगळे सामने एकसारखे. एक आठवंल तर शपथ. परत गेलो. मैदानावर निदान तू दिसतोस. तुमचा सामना असला की मी समोरच्या गॅलरीत असतो."

"नवरंगचा माणूस आमच्या सामन्याला?"

"सामना कोण बघतंय, दादा!"

हंगामातले सगळे सामने विश्वासरावांनी चेंडूवर डोळे लावून काढले होते. मैदानापलीकडे एक माणूस त्यांच्याकडे बघत बसतो, हे त्यांना एकदाही कळलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ते पलीकडच्या फाटकानं आत शिरले. उपरणं आणलं नव्हतं. त्या बाजूच्या गॅलरीत उदय एकटाच होता. त्यानं काठी उचलून शेजारची जागा मोकळी केली.

अर्धा तास झाला असेल. शर्विलनं गोल मारला. टाळ्या वाजवायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"बोल की, दादा," उदय म्हणाला.

विश्वासरावांच्या ओठांवर आलं ते शर्विलच्या डाव्या पायाबद्दल; ते त्यांनी गिळलं.

"वहिनी गेल्यावर मी आलो होतो," उदय समोर बघत म्हणाला. "आठवतंय? त्या दिवशीसुद्धा आपण पेनल्टीवरच बोललो. दीड तास."

"आठवतंय."

"मला तिच्याबद्दल इचारायचं होतं."

मैदानात शिट्टी वाजली. कुणीतरी पडलं होतं, डॉक्टर सुई घेऊन धावत होते. विश्वासराव भावाकडे वळले.

"आता हंगाम काय संपत न्हाई," ते म्हणाले. "फुटबॉलचं नाव काढायचं न्हाई, असं ठरवलं तर?"

उदयनं काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. मग त्यानं विचारलं, "मग आपल्या दोघांत उरतं काय, दादा?"