सगळ्यांना दिसेल अशी सूचना

"मला काढलं, आणि क्लेटनला साधं विचारलंसुद्धा नाही!"

जोलीन रीमर रडत नव्हती, संतापली होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, पोटात त्याच कॉलेजातल्या क्लेटनचं मूल, लग्न झालेलं नाही. तिनं स्वतःच डीनना जाऊन प्रामाणिकपणे सांगितलं, तर त्या धार्मिक कॉलेजनं तिला घरी बसवलं. स्त्री-पुरुष भेदभावाचे नियम म्हणे त्यांना लागूच नाहीत. धर्माच्या कारणानं सरकारकडून सवलत मिळालीय.

फ्रेझ्नोची खाजगी डिटेक्टिव्ह अराक्सी बेदोयन जर्दाळू चघळत ऐकत होती.

"सवलत असेल तर ती जाहीर लावावी लागते, सगळ्यांना दिसेल अशी. लावली होती?"

"मी तरी पाहिली नाही. ठाऊक असतं तर मुकाट्यानं दुसरं कॉलेज शोधलं असतं! वकील म्हणतो, मला माहीत नव्हतं हे ठरलं तर परत घ्यावंच लागेल. पण कोरीनबाई म्हणतात, त्यांनी ऑगस्टमध्येच सूचना वाचून मला सांगितली होती. साफ खोटं! पोटच्या मुलीसारखं वागवलंय हो त्यांनी मला..."

अराक्सीचा मदतनीस एल्डन हळहळला. माणूस सोन्यासारखा, पण डोकं बैलगाडीच्या चालीचं.

कोरीनबाई नर्सिंग शिकवायच्या. त्यांनी नजर चुकवतच उत्तर दिलं. "लॉबीत, कॉफीच्या मशीनशेजारी लावलीय. माझ्या डोळ्यांनी वाचली, आणि तडक जोलीनला सांगितलं."

"नक्की?"

"शपथेवर सांगेन."

डीन फ्रीझन मात्र ऐटीत होते. "ऑगस्टपासून गिडियन हॉलच्या लॉबीत आहे. एकच लावलीय, पण शेकडो जण तिथून ये-जा करतात. खुशाल बघून या."

गिडियन हॉलच्या पायरीवर रखवालदारानं हात आडवा केला. "हे साहेब जातील. बाई, तुम्ही इथंच थांबा. मुलांचं वसतिगृह आहे. पोरांच्या आयासुद्धा सामान ओट्यावर ठेवून परत जातात. मी इथं म्हातारा झालो, बाईमाणूस आत गेलेलं पाहिलं नाही."

एल्डन बाहेर आला तो तोंड पाडून. "हरलो आपण. मशीनशेजारी आहे सूचना, चांगली ठसठशीत. क्लेटन तिथंच राहतो, त्यानंच दाखवली. कॉफीही पाजली बिचाऱ्यानं."

"मग आपण जिंकलो," अराक्सी म्हणाली.

"आँ? ते कसं काय?"

"कळेल. चल."

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांसमोर सगळे जमले. अराक्सीनं सुरुवात डीनपासून केली.

"सूचना फक्त गिडियन हॉलमध्येच होती ना?"

"हो. किती वेळा सांगू?"

"मग कोरीनबाई, तुम्ही ती वाचलीत कशी? त्या उंबऱ्याच्या आत बाईला पाऊल टाकता येत नाही. मला काल पायरीवरूनच हाकललं."

कोरीनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्हाला पढवलं गेलं, 'लॉबीत, मशीनशेजारी.' तुम्हाला वाटलं, मुख्य इमारतीची लॉबी. तिथंही मशीन आहे. पढवणारा पुरुष होता, त्याला ते दार कायम उघडं. बाई तिथं जाऊच शकत नाही, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. आणि डीनसाहेब, सूचना जिच्यावर बेतणार, तिलाच बंदी असलेल्या जागी ती लावायची, हे तुमचं 'सगळ्यांना दिसेल असं'?"

डीननी कागद चाळायला घेतले. कोरीनबाई कोसळल्या. "राहतं घर कॉलेजचं आहे गं, जोलीन. डीनसाहेब म्हणाले, जबाबावर सही करा नाहीतर घर सोडा."

"मला विचारायचं तरी होतंत, बाई," जोलीन म्हणाली. "मी माझ्या घरी ठेवून घेतलं असतं तुम्हाला."

तिला परत घ्यायचं ठरलं. बाहेर येताच एल्डननं तिची पाठ थोपटली. पण ती हसेना.

"एल्डन, सूचना तुम्हाला क्लेटननं दाखवली?"

"हो."

"त्याला आधीपासून माहीत होती?"

एल्डन चाचरला. "म्हणाला, ऑगस्टपासून रोज कॉफीबरोबर वाचतो. तोंडपाठ झालीय."

जोलीन तिथंच पायरीवर बसली.

"डीनना सगळं सांगून टाक, ते माफ करतील, म्हणून आठवडाभर माझ्या मागे लागला होता तो," ती म्हणाली. "दारापर्यंत हात धरून सोडायलाही आला होता."