शब्दांच्या शेजारची जागा

एमआरआय विभागाबाहेरच्या बाकावर मला फिट आली, तेव्हा आई फॉर्म भरायला खिडकीशी गेली होती. शुद्धीवर आले तर मी कुशीवर होते, डोक्याखाली कुणाचा तरी स्वेटर होता, आणि एक अनोळखी तरुण घड्याळाकडे बघत होता.

"दीड मिनिट," तो म्हणाला. "आता बरं वाटेल. घाई नको."

एवढंच. कीव नाही, प्रश्नांची सरबत्ती नाही. स्वेटरला लाकडाच्या भुशाचा वास होता... मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

तो सुतार होता. वर्षापूर्वी त्याचंही फिटचं ऑपरेशन झालं होतं, आणि आज तो तपासणीचा स्कॅन काढायला आला होता. आईने त्याचे आभार मानले आणि लगेच आमच्या दोघांच्या मधोमध येऊन बसली. तरी स्वेटर धुऊन परत करते म्हणून मी त्याचा नंबर घेतलाच.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण गोळ्या तीनदा बदलूनही फिट थांबत नव्हत्या. आता मेंदूतली नेमकी जागा शोधून ती काढावी, असं डॉक्टरबाईंचं मत होतं. त्यासाठी हा स्कॅन. मशीनमध्ये पडून चित्रं बघायची आणि त्यांची नावं मनातल्या मनात म्हणायची. तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, ते त्यात उमटतं.

महिन्याभराने डॉक्टरबाईंनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला. फिट सुरू होते ती जागा निळी, शब्दांची केशरी. दोन्ही अगदी भिंतीला भिंत लावून. फिट थांबण्याची शक्यता चांगली आहे, त्या म्हणाल्या. पण शब्द अडखळतील. काही महिने... कदाचित कायमचे. ठरवायचं मी.

ज्या शब्दांवर माझं पोट, तेच?

दुसऱ्या दिवशी सुताराच्या कारखान्यात गेले. एव्हाना स्वेटर कधीच परत केला होता, तरी आमचं भेटणं चालू होतं, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"खरं सांग. तुझं काय गेलं?"

रंधा बाजूला ठेवून तो म्हणाला, शब्द वेळेवर येत नाहीत. परवा गिऱ्हाइकासमोर 'बिजागरी' आठवेना, तर दार उघडून-मिटून दाखवावं लागलं. गिऱ्हाईक हसलं, हाही हसला. घरी गेल्यावर मात्र त्याला रडू आलं.

"आणि मिळालं काय?"

"करवतीचं मशीन परत चालवतो. सकाळी उठल्यावर, आज कुठे पडेन, हा विचार येत नाही." मग म्हणाला, "हो म्हण, असं मी सांगणार नाही. नाही म्हणालीस तरी मी... आहेच."

माझ्या केसांत अडकलेला भुसा त्याने काढला. बोट कानाच्या वर क्षणभर रेंगाळलं — जिथे चीर पडणार होती, नेमकं तिथेच.

मी सही केली.

ऑपरेशनच्या मध्यावर मला जागं केलं. डॉक्टरबाई मेंदूवर ठिकठिकाणी विजेचा बारीक स्पर्श करत होत्या, आणि त्यांची सहायक समोर चित्रं धरत होती. कात्री. छत्री. शिडी. पुढच्या चित्रात घोडा स्पष्ट दिसत होता, पण त्याचं नाव म्हणून माझ्याकडे काहीच नव्हतं. नुसती पोकळी.

"इथे हात लावायचा नाही," डॉक्टरबाई कुणाला तरी म्हणाल्या.

पाचव्या दिवशी सुतार भेटायला आला. आई आपणहून बाहेर गेली. फिट आली नव्हती. शब्द मात्र मध्येच दगा देत होते. सकाळपासून मी एकच वाक्य घोकत होते, आणि तो समोर बसताच त्यातला मुख्य शब्दच निसटला.

"मला तुझ्याशी... ते..." डोळे भरून आले. "दोघांनी... एका घरात. कायमचं."

त्याचे कान लाल झाले.

"लग्न?" त्याने हळूच विचारलं.

"हो. तेच."

"आधी टाके तर निघू देत," तो म्हणाला, आणि माझा हात काही त्याने सोडला नाही.