उजव्या तर्जनीची आज्ञा

दादा औषधांसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकांचा अनुवाद करीत असे. पक्षाघाताने त्याची उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हा ते काम मी हाती घेतले. त्याचा पलंग आतल्या खोलीत होता. मी बाहेर, खिडकीजवळच्या त्याच्या टेबलाशी बसत असे.

संगणकावर मजकूर लिहिण्याचा त्याचा एडिटर विलक्षण होता. वर्षानुवर्षे आज्ञा लिहून दादाने तो आपल्या बोटांच्या सवयींशी जुळवून घेतला होता. एक बटण दाबले की ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये’ हे अख्खे वाक्य उमटे. मला शिकवताना एकदा तो हसून म्हणाला होता, “यात शिरणं सोपं आहे. बाहेर कसं पडायचं ते शिकण्यातच लोकांचा जन्म जातो.”

काही दिवसांनी वहिनी म्हणाली की, मी टाइप करू लागलो की दादाच्या डाव्या हाताची बोटे चादरीवर हलतात. डॉक्टरांनी ओळखीच्या आवाजाचा परिणाम म्हणून सोडून दिले. मी मात्र वहिनीला टेबलाशी बसवून पलंगाजवळ उभा राहिलो. साध्या अक्षरांनी काही होत नव्हते. दादाने स्वतः लिहिलेली आज्ञा तिने दिली, की बटणावरचे तिचे जे बोट, तेच त्याचे हले. त्या साऱ्या आज्ञा डाव्या हाताकडे होत्या. उजव्याने तो मूळ कागद धरी.

मी त्या आज्ञा उजव्या हाताकडे आणायचे ठरवले. दादाला तसे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

एकेक आज्ञा हलवत गेलो. एडिटरमधून बाहेर पडण्याची आज्ञा शेवटी उजव्या तर्जनीच्या वाट्याला आली.

दुसऱ्या दिवशी त्याची उजवी करंगळी हलली. मग अनामिका. वहिनी पदर तोंडाशी धरून रडली.

आज सकाळी मी टेबलाशी आलो. अजून कशालाही हात लावला नव्हता. पडद्याच्या तळाशी प्रश्न उभा होता : बाहेर पडायचे? हो / नाही.

मी ‘नाही’ दाबले.

प्रश्न पुन्हा उमटला.

“भाऊजी,” वहिनी आतून म्हणाली. तिचा आवाज आनंदाने भरून आला होता. “तुम्ही काही करत नसतानाही यांचं बोट हलतंय. उजवं, अंगठ्याशेजारचं. सारखं तेच. काय हवंय यांना, तुम्हाला कळतंय का?”

मी पुन्हा ‘नाही’ दाबले.