या खोलीतलं या खोलीत

चेन पडायला सायकलला ऑफिसजवळचाच कोपरा सापडला, तोही तिला कामावर पोचायला उशीर झालेला असताना. पाऊस नुकताच थांबला होता. ती ओणवी होऊन झटापट करत होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, चिडून नाही बसत ती. गोंजारावं लागतं."

"बराच अनुभव दिसतोय!"

"सायकलींचा. माणसं हात झटकतात."

त्याने पेडल उलटं फिरवलं, दोन बोटं लावली आणि चेन मुकाट्याने जागेवर बसली. हात मात्र काळे झाले. तिने हातरुमाल पुढे केला.

"परत कसा देऊ?"

"धुऊन!" ती म्हणाली आणि निघाली. ऑफिसचं दार येईपर्यंत वेड्यासारखी स्वतःशीच हसत होती.

अर्ध्या तासाने तोच माणूस तिच्यासमोर येऊन बसला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची ताई, पाठ फिरवल्यासारखी.

ती मध्यस्थ होती. वारसांची भांडणं कोर्टात कुजण्याआधी दोन्ही बाजूंना दोन खोल्यांत बसवायचं, मधल्या पॅसेजमधून ये-जा करायची आणि तोडगा काढायचा. निकाल द्यायचा नाही. एका खोलीत विश्वासाने सांगितलेलं, परवानगीशिवाय दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. तसा शब्द तिने दोघांनाही दिला, आणि चेनची हकिगतही सांगून टाकली.

"लोकांच्या सायकलींना वेळ आहे याच्याकडे," ताई फणकारली. "बापाच्या दुकानात मात्र पाऊल नाही!"

वडिलांचं सायकलचं दुकान, वर घर, आणि मृत्युपत्राचा पत्ता नाही. मुलगा बापाशी भांडून गेलेला. मुलीने दुकानही चालवलं आणि आजारी बापाचं सगळं अंथरुणातच केलं.

बैठका होत राहिल्या. पॅसेजमध्ये तो हळूच म्हणायचा, "रुमाल आणलाय, पण देणार नाही. दिला की भेटायचं निमित्त जाईल."

"निमित्त तुमच्या ताई आहेत."

"ती तर कायमचीच आहे हो... तुमचं काय?"

ती लगबगीने दुसऱ्या खोलीत शिरायची, पण कान गरम व्हायचे. प्रेमात पडली होती, दुसरं काय! हे काम दुसऱ्या कुणाला देते, असं ती एकदा म्हणालीही. ताईने तिचा हात धरला. "नव्या माणसापुढे पुन्हा रडायची ताकद नाही हो माझ्यात." तिने काम सोडलं नाही. तिथेच चुकलं.

कारण त्याच दुपारी तो म्हणाला, "बाबा शेवटचे दवाखान्यात असताना दारापर्यंत गेलो होतो मी. ताईचा निरोप होता, बाबांना तुझं तोंड बघायचं नाही. परत फिरलो... तिला सांगू नका. म्हणेल, वाट्यासाठी रडतोय."

आणि दुसऱ्या खोलीत ताई पदराने डोळे पुसत म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत त्यालाच हाका मारत होते. उष्टं-खरकटं मी काढलं, आणि नाव याचं! खोटा निरोप मीच दिला. त्याला कळलं तर मी मेले."

तिने दोघांच्या मिनतवाऱ्या केल्या. तुम्हीच सांगा, निदान मला सांगू द्या. दोघांचीही एकच मान, आडवी हलणारी. एकाच बापाची लेकरं ती.

शेवटी तो म्हणाला, "ज्याला मी नको होतो, त्याच्या दुकानाचं मला काय करायचंय? हक्क सोडतो."

तिने त्या दिवशी सही होऊ दिली नाही. घरी पाठवलं, वकिलाला विचारा म्हणाली. पुढच्या बैठकीलाही त्याचं तेच. पेन उचलून त्याने विचारलं, "त्या खोलीत असं काही आहे का, जे कळलं तर मी सही करणार नाही?"

"तिथलं मला इथे आणता येत नाही."

"म्हणजे नसणारच," तो म्हणाला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर त्याने इस्त्री केलेला रुमाल ठेवला.

"आता तू मध्यस्थ नाहीस. लग्न करशील माझ्याशी? आमच्या घरात सगळे एकमेकांपासून लपवून जगले. तुझं तसं नाही. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

तिने कप खाली ठेवला. या एका वाक्यासाठी ती किती रात्री जागली होती, आणि आता ते घेता येत नव्हतं.

"नाही जमणार."

"आवडत नाही मी?"

"फार आवडतोस."

"मग?"

"ते... सांगता येत नाही."

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. "असंच काहीतरी म्हणाली होतीस सहीच्या वेळी. म्हणजे होतं काहीतरी. आणि तू मला सही करू दिलीस."

तिच्या तोंडावर सगळं दिसतच होतं.

"ताईला विचारतो."

"विचार," ती कशीबशी म्हणाली. एवढंच तिच्या हातात होतं.

तो गेला. नंतर ना फोन, ना निरोप.

बऱ्याच दिवसांनी ती त्या दुकानावरून सायकलने चालली होती. आत बहीणभाऊ एकाच चाकावर वाकून बसले होते. ताई त्याच्यावर खेकसत होती, तो निमूट ऐकत होता. म्हणजे ताईने सांगितलं होतं. इतकं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि रडू आवरेना.

"अहो मॅडम!" ताईने हाक मारली. "या ना आत, चहा घेऊन जा!"

त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चाकात डोकं घातलं.

"जाऊ दे ताई," तो म्हणाला. "त्यांना घाई असेल."

"हो," ती म्हणाली, "घाईच आहे."